झाकणाखालचा चहा

माझ्या पिढीतल्या गिरगावकराला चहाचं खोकं माहीत नाही, असं व्हायचं नाही. पातळ प्लायवूडचं, कडांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेलं, आतून चंदेरी कागद लावलेलं. बाजूवर काळ्या शाईत मळ्याचं नाव, चहाची जात, खोक्याचा नंबर आणि निव्वळ वजन छापलेलं. आसामातून किंवा दार्जिलिंगच्या डोंगरातून निघालेलं हे खोकं कलकत्त्याच्या लिलावातून फिरत फिरत मुंबईच्या दुकानात रिकामं व्हायचं, आणि मग त्याची खरी नोकरी सुरू व्हायची. कुणाची बदली झाली की बिऱ्हाड त्यातून हलायचं. चाळीच्या माळ्यावर आकाशकंदील, गौरीचे मुखवटे, पाहुण्यांच्या रजया, दिवाळी अंकांचे गठ्ठे, सगळा संसार त्यातच. पत्र्याची कड हाताला लागली की धनुर्वाताचं इंजेक्शन ठरलेलं. आम्हा भावंडांचं अभ्यासाचं टेबल म्हणजे असंच एक उपडं खोकं होतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याच्या लाकडातून चहाचा वास यायचा.

आज विचार केला की गंमत वाटते. आमच्या घरात खोकी चांगल्या चांगल्या मळ्यांची होती. त्यांतला चहा मात्र आमच्या कपात क्वचितच आला असेल.

चहा आणायचा तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून. त्या दुकानात चहाखेरीज काहीच नसे. शेठजी गुजराती, मराठी बोलायचा ते गुजराती चालीवर. पाच-सहा उघडी खोकी ओळीने मांडलेली, प्रत्येकात पत्र्याचं एकेक माप खुपसलेलं. एकात ममरी, म्हणजे यंत्रातून निघालेला गोळीदार चहा. एकात लांब काळी पत्ती. एकात डस्ट, म्हणजे अगदी भुकटी, जी हॉटेलवाले नेत. नवीन गिऱ्हाईक आलं की शेठजीचा पहिला प्रश्न, ‘घरचा की हॉटेलचा?’ जुन्या गिऱ्हाइकाला प्रश्न नसे. गल्ल्याशेजारच्या लाल वहीत प्रत्येक घराचं मिश्रण लिहिलेलं असायचं. आमच्या आडनावापुढे होतं, ममरी दोन, पत्ती एक, डस्ट अर्धा. हे प्रमाण वडिलांनी कधी आणि कसं ठरवलं ते कुणालाच आठवत नव्हतं. पण शेजारच्यांचं आणि आमचं एक नव्हतं, आणि आमचंच बरोबर आहे याबद्दल दोन्ही घरांची खात्री होती.

नवं खोकं फोडलं की शेठजी चिमूटभर चहा तळहातावर घ्यायचा, मूठ अर्धी मिटून तोंडाजवळ न्यायचा, त्यावर ‘हाऽ’ करून गरम श्वास सोडायचा आणि लगेच नाकाने ओढायचा. चहाच्या धंद्यातली माणसं कोरडी पत्ती आजही अशीच हुंगतात. तोंडाच्या वाफेने पत्ती किंचित ओलसर होते आणि वास मोकळा होतो. मग तराजूत तोलून, वर्तमानपत्रावर तीन ढीग ओतून हाताने कालवून पुडी बांधायची. पुडी देताना निरोप असायचा, ‘तुझ्या आईला सांग, आ वखते आसाम कडक आहे. अर्धा चमचा कमी टाक.’ हा निरोप मला आज फार मोठा वाटतो. आज मी पाकीट आणतो त्यावर मुदतीची तारीख, पोषणमूल्यांचा तक्ता आणि गिऱ्हाईक-तक्रारीचा फोन नंबर असतो. पण या खेपेचा चहा मागच्या खेपेपेक्षा कडक आहे, असं सांगणारं कुणी नसतं. पाकिटातला चहा वर्षभर एकसारखा लागावा म्हणूनच तर कंपन्या चव घेणारी पगारी माणसं ठेवतात. चहा हे शेतातलं पीक आहे, पाऊस, ऊन, महिना बदलला की तो बदलतो, ही गोष्टच त्या पाकिटाने आपल्यापासून लपवली.

आता घरातली गोष्ट. आई चहा उकळत नसे.

हे मी सांगतो तेव्हा लोकांना खरं वाटत नाही, कारण मराठी माणसाचा चहा म्हणजे खळाखळा उकळलेलाच, असं सगळे धरून चालतात. आमच्या मजल्यावरच्या बऱ्याच घरांत तो तसा नव्हता. जर्मनच्या पातेल्यात कपाने मोजून पाणी आणि रेशनची साखर. स्टोव्हला पिन मारून, पंप मारून पातेलं चढवायचं. आधण आलं, म्हणजे तळाचे बारीक बुडबुडे संपून पाणी सगळीकडून उसळायला लागलं, की चहाची पूड टाकायची आणि लगेच पातेलं खाली उतरवायचं. वर झाकण. मग त्याच स्टोव्हवर दुधाचं भांडं चढायचं. दूध आरेच्या काचेच्या बाटलीतलं, पहाटे केंद्रावर कार्ड दाखवून आणलेलं. ते वर यायला जेवढा वेळ लागे, तेवढाच वेळ चहा झाकणाखाली मुरत असे. तीन-चार मिनिटं. घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं, कारण घड्याळ स्टोव्हवर होतं. दूध भांड्याच्या काठाशी आलं की ते उतरवायचं, चहा गाळायचा, आणि मग वरून दूध, रंग विटकरी होईपर्यंत. मध्येच कुणी हावरटपणाने झाकण उचललं की आतून आवाज येई, ‘ठेव ते झाकण. वास उडून जाईल.’

गाळायला जाळीचं गाळणं नव्हतं, फडकं होतं. वडिलांच्या जुन्या धोतराचा चौकोनी तुकडा, वापरून वापरून पार तपकिरी झालेला. चहा ओतला की चार टोकं एकत्र धरून चिमट्याने पिळायचं, खळबळून धुवायचं आणि खिडकीच्या खिळ्यावर टांगायचं. त्या फडक्याला साबण लावायचा नाही असा नियम होता. भुकटीचा कणही त्यातून खाली येत नसे, आणि कपाच्या तळाशी गाळ नसे. जाळीची गाळणी आली तेव्हा घरात ती आधुनिक वाटली, पण गाळ खाली उतरायला लागला तो तेव्हापासून.

जुन्या दिवसांबद्दल लिहिताना हात सैल सुटतो, म्हणून हेही लिहून ठेवतो. गाळून राहिलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून, तो उकळून, दुसरा चहा व्हायचा. तो धुणं-भांडी करायला येणाऱ्या बाईंना. त्यांचा कप वेगळा, कान तुटलेला, मोरीच्या कठड्यावर ठेवलेला. आई वाईट बाई नव्हती, आणि मजल्यावर हे एकट्या आमच्याच घरात होत नव्हतं. म्हणूनच ते जास्त लाजिरवाणं आहे. पहिल्या पाण्याचा चहा किती छान मुरायचा याचं कौतुक करताना तो कान तुटलेला कप डोळ्यांसमोरून हलत नाही.

मुलांना तर चहा नव्हताच. दुधात दोन चमचे टाकून रंग आणायचा, की झाला मुलांचा चहा. जास्त मागितला तर ‘काळा होशील’ अशी धमकी. काळं होण्यात भिण्यासारखं काय आहे, असं विचारायची तेव्हा कुणाची छाती नव्हती.

मराठी घरात चहा काही सरळ पायांनी आलेला नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने चहा-बिस्किटं समोर आली. टिळक, रानडे यांच्यासारखी मंडळी हजर होती. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता समोर राहू दिला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापवली आणि पुण्यात वर्षा-दोन वर्षांचं वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. वाद चहाचा नव्हता, तो कुणाच्या हातचा यावर होता, हे खरं. तरी एका पेयावरून एवढा धर्म बुडालेल्या शहरात पुढे पेठेपेठेत अमृततुल्यं निघावीत, हा काळाने उगवलेला सूड म्हणायचा.

आपल्याला चहाची सवय लागली ती आपोआप नाही. आसामात, दार्जिलिंगात पिकणारा चहा आधी जवळजवळ सगळा विलायतेसाठीच होता. मळेवाल्यांच्या मागणीवरून १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३० च्या मंदीत बाहेरचा बाजार बसला, तेव्हा या प्रचाराने देशातल्या गिऱ्हाइकाकडे जोरात तोंड वळवलं. जत्रेत, गिरणीत, गल्लीत फुकट चहा पाजणारी पथकं फिरली. रेल्वे स्थानकांवर मीन्याच्या मोठमोठ्या पाट्या लागल्या. त्यांवर चित्रं काढून देशी भाषांत कृती लिहिलेली होती, ताजं पाणी घ्या, ते चांगलं उकळू द्या, पत्तीवर ओता, झाकून ठेवा, थोडा वेळ मुरू द्या, मग दूध-साखर घाला. आईने हे तिच्या सासूकडून शिकून घेतलं होतं. सासू कुठून शिकली ते विचारायचं राहूनच गेलं, पण ती कृती आणि आमच्या स्टोव्हवरची कृती पाहिली तर किटलीऐवजी पातेलं एवढाच फरक आहे.

लोकांनी मात्र पाट्यांकडे फारसं लक्ष दिलं नाही. पत्ती महाग, दूध असेल तेवढं, घरात माणसं बारा. मग थोड्या पुडीतून जास्त चहा काढायचा तर ती उकळणं आलं. प्रचारकांनी यावर बरीच नाराजी दाखवली. पुढे त्यांच्याच धंद्याने उकळणाऱ्याची बाजू घेतली. १९३० च्या सुमारास आसामच्या एका मळ्याचा व्यवस्थापक विल्यम मॅककर्चर याने दातेरी रुळांचं यंत्र बसवलं. पान त्यातून चिरडलं जातं, फाटतं आणि गोळी होऊन बाहेर पडतं. हीच सीटीसी, शेठजीची ममरी. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ती सगळीकडे पसरली. ती झटपट रंग सोडते, कडक होते, दुधात उकळली तरी मान टाकत नाही, आणि किलोमागे कप जास्त निघतात. एका पगारावर चालणाऱ्या घराला यापेक्षा काय हवं? आज देशात वर्षाला १३० कोटी किलोंहून जास्त चहा होतो, त्यातला सुमारे ऐंशी टक्के आपण देशातच पितो. जुन्या पद्धतीने वळलेली पत्ती, जिला धंद्यात ऑर्थोडॉक्स म्हणतात, ती एकूण उत्पादनाचा जेमतेम दहावा भाग.

आणि तो दहावा भागही आपल्यापर्यंत येत नव्हता. उत्तम पत्ती आधी लंडनच्या लिलावात जायची, पुढे रुपयांत व्यवहार करणाऱ्या सोव्हिएत संघात. रशियन लोक चांगल्या पत्तीचे मोठे गिऱ्हाईक होते. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला, लंडनचा लिलाव १९९८ मध्ये बंद पडला. म्हणजे माझं सगळं लहानपण आणि बरीचशी नोकरी चांगला चहा बाहेर जाण्याच्या काळात गेली. १९८३ च्या अखेरीस देशात चहाचे भाव इतके भडकले की सरकारने सीटीसी चहाच्या निर्यातीवर बंदी आणली होती. पत्तीबद्दल कुणी बोललं नाही, कारण पत्ती घरात होती कुणाच्या?

ऐंशीच्या दशकात प्लास्टिकची पाकिटं आली. वजन पक्कं, भेसळीची भीती कमी. हा फायदा खरा होता, त्याला हसू नये. सुट्या चहात तेव्हा वापरलेली पत्ती वाळवून, रंग लावून मिसळत. आई नवी पुडी आली की ओल्या टिपकागदावर चिमूटभर टाकून बघायची, रंग लगेच पसरला तर पुडी परत. पाकिटांनी ती कटकट संपवली आणि त्याबरोबर शेठजीची लाल वहीही संपवली. खोकी गेली, त्यांच्या जागी आधी तागाची पोती आणि मग कागदी पोती आली. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

त्याच सुमारास आमच्या घरी गॅस आला, दोन शेगड्यांचा. चहा एकीकडे, दूध दुसरीकडे, किंवा सरळ दोन्ही एकाच पातेल्यात. झाकण ठेवून वाट बघायचं कारणच उरलं नाही. पुडीही आता निव्वळ ममरीची. ती मुरवली तर नुसती रंगाला येते, तिची खरी चव उकळल्यावरच. तेव्हा आईनेही उकळायला सुरुवात केली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी यात तक्रार करत नाही. आलं ठेचून घातलेला, दोन उकळ्या काढलेला ममरीचा चहा पावसाळ्यात मिळाला तर मी दार्जिलिंग बाजूला ठेवतो. दुधातली प्रथिनं चहातला तुरटपणा धरून ठेवतात, म्हणून कडक ममरी आणि घट्ट दूध हे जोडपं जमलेलं आहे. फक्त सगळ्याच पत्तीचं लग्न दुधाशी लावायचा आपण जो नेम केला, तो चुकला.

बाहेरच्या चहाचं काय झालं ते मात्र बोलायलाच हवं. इराण्याकडे चहाचं पाणी वेगळं आणि दूध वेगळं असे, म्हणून तर ‘पानी कम’ मागता येई. पुण्याच्या अमृततुल्यात पितळी पातेल्यावर उभा असलेला माणूस वेलची-सुंठ हातोडीने कुटून टाकायचा, पण चहाला चहाचा वास असे. आता कोपऱ्याकोपऱ्यावर साखळी दुकानं झाली आहेत आणि भांड्यात जे खदखदत असतं ते बासुंदीच्या जवळचं. नाव तर काही ठिकाणी सरळ बासुंदी चहाच. शिवाय तंदूर चहा, चॉकलेट चहा, आणि भिंतीवर चहावरची तीच ती दोन वाक्यं. कुल्हड फोटोपुरता बरा. साखर इतकी की चहा वाईट आहे की चांगला हे कळायला जागाच नाही. तिकडे ऑफिसात पिशवीचा चहा. पिशवीत बहुतेक वेळा चाळणीखाली उरलेला बारीक चुरा असतो. हिरव्या चहाच्या पिशव्या लोक औषधासारख्या गिळतात, वजन कमी व्हावं म्हणून, उकळत्या पाण्यात बुडवून, कडू झाला की मध घालून. हिरव्या चहाला उकळतं पाणी सोसत नाही, सत्तर-ऐंशी अंशांचं पुरे. एवढं कुणी सांगितलं असतं तर मधाचा खर्च वाचला असता.

आता माझ्या भाचीबद्दल. ती ठाण्याला असते, संगणकाचं काम करते आणि सुटीच्या दिवशी चहा करते. ‘करते’ म्हणजे साग्रसंगीत. ओट्यावर ग्रॅममध्ये तोलणारा छोटा काटा, तापमान दाखवणारी विजेची किटली, काचेची बुटकी चहादाणी. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, प्रयोगशाळा काढलीय. तिने डबा उघडून माझ्या नाकाशी धरला. दार्जिलिंगची सेकंड फ्लश पत्ती, म्हणजे मे-जूनच्या तोडणीची. काळपट तपकिरी, वळलेली लांब काडी, मध्ये मध्ये सोनेरी टोकं. ओळखीचा वाटला तो वास, पण पूर्ण ओळखीचा नाही. शेठजीच्या मिश्रणातल्या ‘पत्ती एक’मध्ये याचा एखादा गरीब नातेवाईक असावा.

तिने दोन कपांसाठी पाच ग्रॅम पत्ती तोलली. चहादाणीत आधी गरम पाणी फिरवून ओतून टाकलं. किटली नव्वद अंशांवर थांबली. पाणी ओतलं, झाकण ठेवलं, आणि मोबाइलवर साडेतीन मिनिटं लावली. मी सवयीने झाकणाकडे हात नेला.

‘मामा, उघडू नकोस. वास जातो.’

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिने आजीला चहा करताना पाहिलं ते उकळण्याच्या दिवसांत. हे वाक्य तिला घरातून मिळालेलं नाही, चहाच्या पुस्तकांतून मिळालं. फिरून त्याच ठिकाणी आली, एवढंच.

काचेतून पत्ती दिसत होती. आधी वर तरंगली, मग एकेक काडी उलगडत खाली बसायला लागली. चहा गाळून झाल्यावर तिने भिजलेली पत्ती बशीत पसरली आणि बोटाने एक उलगडून दाखवली. दोन कोवळी पानं, मध्ये कळी, आणि खाली देठाचा हिरवट तुकडा, सगळं अख्खं. रंग तांब्याचा. मळ्यात बाईच्या हाताने जसं खुडलं गेलं तसंच. इतकी वर्षं चहा पिऊन मी चहाचं पान कधी पाहिलं नव्हतं. असा एक किलो चहा करायला सुमारे साडेचार किलो ओली पानं लागतात. ती खुडून, रात्रभर कोमेजवून, वळून, हवेवर लाल होऊ देऊन, मग भट्टीत सुकवायची.

चहा दुधाशिवाय. रंग नारिंगी, तुरटपणा जिभेच्या कडेला आणि नंतर घशात काळ्या द्राक्षांसारखं काहीतरी मागे राहतं. या गुणाला तिकडे मस्कटेल म्हणतात, आणि तो येतो कशामुळे ते ऐकून मला भारी गंमत वाटली. तुडतुड्यांमुळे! उन्हाळ्यात हिरवे तुडतुडे कोवळ्या पानांचा रस शोषतात, झाड बचावासाठी काही द्रव्यं तयार करतं, आणि त्यातूनच तो सुगंध येतो. आपल्याकडे आंब्याच्या मोहोरावर आणि कापसावर तुडतुडे दिसले की शेतकरी पंप खांद्याला लावतो. तिकडे त्याच कुळातला प्राणी चहाचा भाव वाढवतो.

याच पत्तीवर भाचीने दुसऱ्यांदा पाणी ओतलं, या वेळी पाच मिनिटं. तो चहा फिका होता, पण वाईट नव्हता, आणि तो आम्ही दोघांनी प्यायला, तिने आणि मी, चांगल्या कपांतून. दुसऱ्या पाण्याला असा मान मिळालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. घरी काम करायला येणाऱ्या ताईंना तिने आधी पहिल्या पाण्याचा विचारला होता. त्यांनी नाक मुरडलं. ‘बिनदुधाचं काय पिता, मला माझा करून द्या,’ म्हणाल्या, आणि आल्याचा उकळलेला कप घेऊन बसल्या. खुर्चीवर, आमच्याबरोबर.

पूर्वी चहा चांगला होता, असं म्हणणाऱ्यांना मी हल्ली अडवतो. चहा चांगला नव्हता. करणारा चांगला होता. मिळेल त्या पुडीला वेळ देऊन, झाकून, आई जे काढायची ते तिचं कसब होतं. चांगली पत्ती तिला मिळाली असती तर काय केलं असतं तिने, या विचाराने कधी कधी चुटपुट लागते. आता पत्ती मिळते. तिचेही दिवस मात्र वाईट आहेत. दार्जिलिंगचे ८७ मळे, २००४ साली भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालेला चहा, आणि उत्पादन कधीकाळी वर्षाला एक कोटी किलोच्या पुढे होतं ते अलीकडे साठ लाखांच्या आसपास उतरलंय. झुडपं म्हातारी झाली, पाऊस बिघडला, मजूर शहराकडे गेले. २०१७ च्या उन्हाळ्यात गोरखालँडच्या आंदोलनात १०४ दिवस बंद होता, आणि नेमका सेकंड फ्लशचाच हंगाम बुडाला. गिऱ्हाईक तेव्हा दुसरीकडे वळलं ते सगळं परत आलं नाही.

महाग आहे म्हणून लोक बिचकतात, तर हिशेब करून बघा. बरी सेकंड फ्लश पत्ती शंभर ग्रॅमला चार-पाचशे रुपयांना मिळते. कपाला अडीच ग्रॅम धरले तर चाळीस कप, म्हणजे कपाला दहा-बारा रुपये, आणि दुसरं पाणी फुकट. साखळी दुकानातला बासुंदीचा पेला याहून स्वस्त नाही. २०२१ च्या डिसेंबरात गुवाहाटीच्या लिलावात आसामचा एक चहा किलोला ९९,९९९ रुपयांना गेला. त्या बातम्या वाचून घाबरायचं कारण नाही, ते लिलाव बातमीसाठीच असतात. दार्जिलिंग नको असेल तर आसामची ऑर्थोडॉक्स घ्या. ती आधणाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं मुरते आणि वरून थोडं दूधही चालतं. आईच्या पद्धतीला हीच पत्ती शोभली असती. निलगिरीची पत्ती बिनदुधाची, लिंबू पिळून चांगली लागते.

पाण्याकडे लक्ष द्या. तानसा-भातसाचं पाणी हलकं आहे, म्हणून मुंबईकराचं अर्धं काम झालेलंच असतं. बोअरच्या जड पाण्यात चांगला चहा केला की वर तवंग धरतो आणि चव मरते. एकदा उकळून गार झालेलं पाणी पुन्हा उकळून वापरू नका, ताजं घ्या.

सेकंड फ्लश खुडून, सुकून, पाकीटबंद होऊन आपल्याकडे पोचायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. तेव्हा दुकानात जाऊन मळ्याचं नाव, फ्लश आणि यंदाचा की गेल्या वर्षीचा, एवढं विचारा. सांगता आलं नाही तर दुसरं दुकान बघा. पहिल्या खेपेला पन्नास ग्रॅमच घ्या, मसाल्यांच्या फडताळापासून लांब हवाबंद डब्यात ठेवा, आणि कितीही मोह झाला तरी त्या पातेल्याखाली गॅस पुन्हा पेटवू नका.